सरकारच्या कोर्टखर्चाचा हिशेब: कुठे असतो, कसा मागायचा आणि नकार आला तर काय करायचे

सप्टेंबर 2020 मध्ये मुंबई महानगरपालिकेने अभिनेत्री कंगना रणौत यांच्या पाली हिल येथील बंगल्याचा काही भाग पाडला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि 27 नोव्हेंबर 2020 रोजी न्यायालयाने पालिकेची कारवाई बेकायदा ठरवली. याच प्रकरणात माहिती अधिकारातून एक आकडा बाहेर आला. पालिकेने बाजू मांडण्यासाठी नेमलेल्या ज्येष्ठ वकिलांना 82 लाख 50 हजार रुपये दिले होते. या फीविरुद्ध उच्च न्यायालयात याचिकाही झाली. वकिलाला किती फी द्यावी या वादात न्यायालय पडणार नाही, अशी भूमिका घेऊन न्यायालयाने ती फेटाळली.

त्या अभिनेत्रीच्या राजकारणाशी आम्हाला देणेघेणे नाही. हे उदाहरण दोन कारणांसाठी घेतले. एक म्हणजे दहा रुपयांच्या अर्जावर असा आकडा मिळू शकतो. दुसरे म्हणजे फी जास्त की कमी हे न्यायालय ठरवणार नसेल, तर ती जाहीर होणे आणि लोकांनी त्यावर प्रश्न विचारणे हाच अंकुश उरतो. त्या प्रकरणावर कॅमेरे होते म्हणून आकडा गाजला. जात पडताळणी समितीविरुद्ध एकटा लढणारा विद्यार्थी, शिष्यवृत्ती अडकलेली मुलगी, पदोन्नती नाकारलेला कर्मचारी, गायरानावरून हुसकावले जाणारे कुटुंब यांच्या प्रकरणांत समोर सरकारच असते. तिथे सरकारने किती खर्च केला हे कोणी विचारत नाही.

आपल्या समाजासाठी या विषयाला आणखी एक बाजू आहे. ॲट्रॉसिटीच्या खटल्यात सरकार आपल्या बाजूने उभे असते, म्हणजे असायला हवे. तिथे पैसा जास्त गेला का, यापेक्षा पुरेसा गेला का, हा प्रश्न असतो. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिले आहे.

खर्चात काय काय येते

अर्ज लिहिताना बहुतेक जण "वकिलाची फी किती" एवढेच विचारतात आणि उत्तरही तेवढेच येते. वकिलाच्या देयकात मात्र बरेच काही असते: हजेरीची फी, याचिका किंवा प्रतिज्ञापत्र तयार करण्याची फी, ज्येष्ठ वकिलांसोबतच्या बैठकीची फी, लिपिकाचा खर्च, प्रवास व मुक्काम. सुनावणी न होता तारीख पुढे गेली तरी काही वेळा हजेरीची फी लागते. अधिकारी मुंबई, नागपूर किंवा दिल्लीला तारखेसाठी जातात, त्यांचा प्रवासभत्ता वेगळ्या शीर्षाखाली पडतो आणि कोर्टखर्चात कधीच मोजला जात नाही.

त्याहून मोठा आणि जवळजवळ अदृश्य खर्च व्याजाचा असतो. 2013 च्या भूसंपादन कायद्यानुसार वाढीव मोबदल्यावर ताबा घेतल्यापासून पहिल्या वर्षी 9 टक्के आणि त्यानंतर 15 टक्के दराने व्याज द्यावे लागते. म्हणजे मोबदल्याविरुद्धचे अपील सरकारने दहा वर्षे चालवले आणि शेवटी हरले, तर वकिलाची फी ही त्यातली किरकोळ रक्कम ठरते. कर्मचाऱ्यांच्या थकबाकीच्या प्रकरणांतही न्यायालयाने व्याज लावले असेल तर असेच घडते. एखाद्या प्रकरणात सरकारला लढणे किती महाग पडले हे सांगायचे असेल, तर फी आणि व्याज दोन्ही मागितले पाहिजेत.

तिसरी बाब दंडाची. मध्य प्रदेश सरकार विरुद्ध भेरूलाल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 15 ऑक्टोबर 2020 रोजी सरकारला चांगलेच फटकारले. सरकारने 663 दिवस उशिरा अपील केले होते. अशी अपिले केवळ "सर्वोच्च न्यायालयाने फेटाळले" असा शिक्का मिळवून फाइल बंद करण्यासाठी आणली जातात, असे न्यायालयाने नोंदवले, 25 हजारांचा खर्च लावला आणि ती रक्कम जबाबदार अधिकाऱ्यांकडून वसूल करायला सांगितले. त्यामुळे आपल्या जिल्ह्यातल्या कोणत्याही कार्यालयाला विचारण्याजोगा प्रश्न असा: मागील पाच वर्षांत न्यायालयांनी आपल्यावर लावलेल्या खर्चाच्या रकमा किती, त्या कोणी भरल्या आणि त्यातल्या किती अधिकाऱ्यांच्या पगारातून वसूल झाल्या? हा प्रश्न आम्हाला विशेष आवडतो. याचे उत्तर "निरंक" आले तरी त्यातून बरेच काही कळते.

पैसे कोण देते, नोंद कुठे असते

राज्य सरकारच्या वकिलांची नेमणूक आणि मेहनताना विधि व न्याय विभागाकडे आहे. त्यासाठी महाराष्ट्र विधि अधिकारी (नियुक्ती, सेवेच्या शर्ती आणि पारिश्रमिक) नियम, 1984 आहेत. महाधिवक्त्यांचे पद संविधानाच्या अनुच्छेद 165 नुसार आहे. जिल्हा सरकारी वकील, उच्च न्यायालयातले सरकारी वकील आणि सहायक सरकारी वकील यांचे दर ठरलेले असतात. त्यांत सहसा धक्कादायक काही सापडत नाही.

पाहण्यासारखी जागा आहे "विशेष समुपदेशी" आणि "विशेष सरकारी अभियोक्ता" यांच्या नेमणुकांची. सरकारी वकिलांची फौज असताना बाहेरून ज्येष्ठ वकील नेमला जातो तेव्हा दर वेगळा ठरतो आणि त्यासाठी बहुधा स्वतंत्र शासन निर्णय निघतो. शासनाच्या संकेतस्थळावर विभाग निवडून "विशेष समुपदेशी" असा शोध घेतला तर असे निर्णय सापडतात. काहींत फीची रक्कमही असते. अर्ज करण्याआधी अर्धा तास इथे घालवावा. जे जाहीर आहे तेच मागून तीस दिवस वाट पाहण्यात अर्थ नाही.

अर्थसंकल्पात हा खर्च "2014 न्यायदान" या मुख्य शीर्षाखाली "विधि सल्लागार आणि समुपदेशी" या गौण शीर्षात (114) दिसतो. त्यातून एकूण आकडा कळतो, प्रकरणनिहाय काहीच कळत नाही. महानगरपालिका, जिल्हा परिषद, म्हाडा, सिडको, विद्यापीठे, महामंडळे यांची वकिलांची स्वतंत्र पॅनेल असतात आणि पैसा त्यांच्याच निधीतून जातो. त्यांचा हिशेब विधि व न्याय विभागाकडे मागितला तर अर्ज नुसता फिरत राहील.

केंद्राचे चित्र असेच आहे. केंद्रीय विधि मंत्रालयाने लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार केंद्राचा न्यायालयीन प्रकरणांवरचा खर्च 2014-15 मध्ये 26.64 कोटी रुपये होता, तो 2023-24 मध्ये सुमारे 66 कोटींवर गेला. प्रश्न संसदेत विचारला गेला म्हणून आकडा मिळाला, हे लक्षात घ्या. आपल्या भागातल्या आमदाराला तारांकित किंवा अतारांकित प्रश्न विचारायला लावणे हाही खर्च बाहेर काढण्याचा मार्ग आहे आणि कार्यकर्ते तो फारच कमी वापरतात. मात्र 66 कोटी हा आकडा एकटा फारसे बोलत नाही. 2017-18 च्या केंद्रीय आर्थिक पाहणी अहवालाने कर खात्याच्या अपिलांबद्दल लिहिले होते की त्यांत खात्याच्या यशाचे प्रमाण 30 टक्क्यांच्याही खाली आहे, तरीही खाते अपिले करत राहते. खर्चाचा आकडा आणि यशाचे प्रमाण शेजारी ठेवले की मगच चर्चा सुरू होते.

कायदा काय म्हणतो

माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 च्या कलम 4(1)(ख) नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपला अर्थसंकल्प आणि केलेल्या खर्चाचे अहवाल स्वतःहून प्रसिद्ध करायचे असतात. वकिलांवरचा खर्च त्यातून वगळलेला नाही. प्रत्यक्षात तो प्रसिद्ध केलेला दिसणे दुर्मीळ, म्हणून कलम 6 खाली अर्ज करावा लागतो.

बाबासाहेबांनी 30 मे 1949 रोजी संविधान सभेत नियंत्रक व महालेखापरीक्षक हा संविधानातला बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी असल्याचे मत मांडले होते, कारण विधिमंडळाने मंजूर केलेला पैसा त्याच कामी खर्च होतो का हे तो पाहतो. अधिकारी मोठा की लहान हे बाजूला ठेवले तरी या विचारात एक गोष्ट गृहीत आहे: मंजूर झालेल्या प्रत्येक रुपयाचा कागद असतो. माहिती अधिकारात आपण मागतो तो हाच कागद.

"मागणे" आणि "कागद मागणे" यांत फरक आहे. सर्वोच्च न्यायालयाने 9 ऑगस्ट 2011 च्या सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय निकालात स्पष्ट केले की कार्यालयाकडे जी माहिती आहे ती द्यायची, अर्जदारासाठी नवी माहिती तयार करण्याचे बंधन नाही. म्हणून "गेल्या दहा वर्षांत सर्व प्रकरणांवर किती खर्च झाला" असे विचारले की "माहिती एकत्रित स्वरूपात उपलब्ध नाही" हे ठरलेले उत्तर येते, आणि कायद्याच्या दृष्टीने ते बरेचदा टिकते. त्याऐवजी एका प्रकरणाचा क्रमांक देऊन नेमणुकीचा आदेश, फी देयके, मंजुरीचे आदेश आणि अदायगीच्या प्रमाणकांच्या प्रती मागाव्यात. बेरीज आपण करावी.

नेहमीचे नकार आणि त्यांची उत्तरे

"प्रकरण न्यायप्रविष्ट आहे." हा सर्वांत जास्त वापरला जाणारा आणि सर्वांत कच्चा नकार. कलम 8(1)(ख) म्हणते की न्यायालयाने स्पष्टपणे मनाई केलेली किंवा जिच्या प्रकटनाने न्यायालयाचा अवमान होईल अशी माहिती देता येणार नाही. प्रकरण नुसते चालू असणे हे कारण तिथे लिहिलेले नाही. अपिलात एकच वाक्य लिहावे: न्यायालयाच्या मनाईच्या आदेशाची प्रत द्यावी.

"वकील आणि पक्षकार यांच्यातली गोपनीयता." वकिलाने दिलेला सल्ला गोपनीय असतो, भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 132 मध्ये त्याला संरक्षण आहे. वकिलाला दिलेले पैसे म्हणजे सल्ला नव्हे. इथे चूक बरेचदा अर्जदाराची असते. खर्चासोबतच "वकिलांचे अभिप्राय द्या" असेही तो लिहितो आणि एका मागणीमुळे सगळा अर्ज अडकतो. अभिप्राय हवाच असेल तर वेगळा अर्ज करावा.

"ही वैयक्तिक माहिती आहे." या नकाराकडे आता गंभीरपणे पाहावे लागेल. मूळ कलम 8(1)(ञ) मध्ये सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली वैयक्तिक माहितीच वगळली होती आणि व्यापक सार्वजनिक हित असेल तर तीही देता येत होती. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, 2023 च्या कलम 44(3) ने या अटी काढून टाकल्या, आणि हा बदल नोव्हेंबर 2025 पासून लागू झाला. आता तिथे "वैयक्तिक माहिती" एवढेच उरले आहे. आमच्या मते माहिती अधिकाराला 2005 नंतर बसलेला हा सर्वांत मोठा धक्का आहे आणि त्याविरुद्ध आंबेडकरी तरुणांनी जितके बोलायला हवे होते तितके ते बोललेले नाहीत.

तरीही मार्ग बंद झालेला नाही. कलम 8(2) शाबूत आहे: प्रकटनातले सार्वजनिक हित संरक्षित हितांना होणाऱ्या हानीपेक्षा जास्त असेल तर सूट असलेली माहितीही देता येते. अपिलात हे कलम नाव घेऊन लिहावे. कलम 10 नुसार वगळायचा भाग काळा करून उरलेला कागद द्यावा लागतो, म्हणजे बँक खाते आणि पॅन झाकून रक्कम देता येते. आणि एक साधी युक्ती: वकिलाचे नाव मागूच नका. प्रकरण क्रमांक, तारीख आणि रक्कम मागा. त्या तारखेला सरकारतर्फे कोण उभे होते हे न्यायालयाच्या आदेशाच्या पहिल्या पानावर छापलेले असते आणि आदेश न्यायालयाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतो.

"माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे आहे." मग कलम 6(3) नुसार पाच दिवसांत अर्ज तिकडे पाठवणे हे त्यांचेच काम आहे. तसे उत्तरात दिसले नाही तर अपील करावे.

अर्ज असा असावा

महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एका विषयापुरता आणि साधारण 150 शब्दांत असावा लागतो. शुल्क 10 रुपये, प्रतींसाठी पानामागे 2 रुपये. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही, दाखल्याची प्रत जोडावी. मागणीचा मजकूर असा लिहिता येईल:

"(न्यायालयाचे नाव) येथील (प्रकरण क्रमांक व वर्ष) या प्रकरणासंबंधी आपल्या कार्यालयाच्या अभिलेखातील पुढील कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात: 1) वकील किंवा विशेष समुपदेशी नेमल्याचे आदेश व फीचे दर ठरवणारे आदेश. 2) प्रकरण सुरू झाल्यापासून आजपर्यंत सादर झालेली फी देयके. 3) त्या देयकांना मंजुरी देणारे आदेश व अदायगीची प्रमाणके. 4) मंजूर झालेली पण अदा न झालेली देयके. 5) न्यायालयाने लावलेल्या खर्चाच्या व व्याजाच्या रकमा अदा केल्याचे आदेश. बँक खाते, पॅन इत्यादी तपशील कलम 10 नुसार वगळण्यास हरकत नाही."

तीस दिवसांत उत्तर यायला हवे. मुदत उलटल्यावर दिलेली माहिती कलम 7(6) नुसार मोफत द्यावी लागते, हे अधिकारी विसरतात, आपण आठवण करून द्यावी. पहिले अपील तीस दिवसांत, दुसरे राज्य माहिती आयोगाकडे नव्वद दिवसांत. आयोग दिवसाला 250 आणि जास्तीत जास्त 25 हजार रुपये शास्ती लावू शकतो. आयोगाकडे दुसरे अपील सुनावणीला यायला फार वेळ लागतो, म्हणून पहिले अपील नीट लिहिणे महत्त्वाचे. बरीच माहिती तिथेच सुटते.

कोणत्या प्रकरणापासून सुरुवात करावी असे तरुण विचारतील. पदोन्नतीतील आरक्षण घ्या. 25 मे 2004 चा शासन निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने 4 ऑगस्ट 2017 रोजी रद्द केला, राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि दरम्यान 7 मे 2021 च्या शासन निर्णयाने पदोन्नतीची पदे 25 मे 2004 च्या सेवाज्येष्ठतेनुसार भरायचे ठरले. हजारो कर्मचाऱ्यांचे सेवाआयुष्य या काळात संपले. सर्वोच्च न्यायालयात सरकारतर्फे कोणत्या दर्जाचे वकील उभे राहिले, किती तारखांना हजर होते, किती तारखांची फी दिली गेली, आणि सरकारनेच किती वेळा मुदत मागितली? पहिल्या तिन्हींची उत्तरे देयकांत आहेत, चौथ्याचे न्यायालयाच्या आदेशांत. सरकारने हे प्रकरण मनापासून लढवले की नुसते चालू ठेवले, यावर समाजमाध्यमांवर कितीही वाद घाला, देयके हातात नसतील तर तो वाद हवेतच राहतो.

ॲट्रॉसिटीचे खटले: इथे खर्च कमी असणे हीच तक्रार

अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, 1989 च्या कलम 15 नुसार विशेष न्यायालयासाठी विशेष सरकारी अभियोक्ता नेमावा लागतो. 1995 च्या नियमांतला नियम 4 कार्यकर्त्यांनी तोंडपाठ करावा असा आहे. पीडिताची इच्छा असेल तर जिल्हा दंडाधिकारी नामवंत ज्येष्ठ वकील नेमू शकतात आणि त्यांना योग्य वाटेल ती फी देऊ शकतात. विशेष सरकारी अभियोक्त्याची फी पॅनेलवरच्या इतर वकिलांपेक्षा वरच्या दराने ठरवायची, असेही नियम सांगतो. नियम 11 नुसार पीडित आणि साक्षीदारांना प्रवासभाडे, दैनिक भत्ता आणि निर्वाहखर्च द्यायचा असतो.

किती पीडित कुटुंबांना हे माहीत असते? गावातून जिल्ह्याच्या न्यायालयात साक्षीला येणारी बाई दिवसाची मजुरी बुडवून स्वतःच्या पैशाने एसटीने येते. तिचा भत्ता कोणत्या तरी शीर्षाखाली मंजूर असतो आणि मार्च अखेरीस परत जातो. म्हणून आपल्या जिल्ह्यात पुढील गोष्टी मागा: नियम 4 खाली पीडितांच्या मागणीवरून ज्येष्ठ वकील नेमल्याचे आदेश, विशेष सरकारी अभियोक्त्यांच्या फीचे दर आणि अदा केलेली देयके, नियम 11 खाली मंजूर, वाटप झालेली आणि समर्पित केलेली रक्कम. जिल्हाधिकारी कार्यालय आणि सहायक आयुक्त, समाजकल्याण या दोन्हींकडे वेगवेगळे अर्ज करावेत.

मग त्याशेजारी त्याच जिल्ह्यातल्या एखाद्या महापालिकेने किंवा महामंडळाने एका ज्येष्ठ वकिलाला एका प्रकरणात दिलेली रक्कम ठेवा. आम्ही असे म्हणत नाही की ज्येष्ठ वकिलाला जास्त फी देणे हा गैरव्यवहार आहे. चांगला वकील महाग असतो आणि सरकारने कधीकधी तो नेमलाच पाहिजे. तो कोणासाठी नेमला जातो आणि कोणासाठी नाही, हे मात्र या दोन कागदांवरून दिसते. विधि सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 नुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळतो. त्या वकिलांना प्रकरणामागे किती मानधन मिळते हेही जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून विचारता येते. तो तिसरा कागद.

नियम 4 मध्ये आणखी एक तरतूद आहे. जिल्हा दंडाधिकारी आणि अभियोग संचालनालयाचे प्रमुख यांनी विशेष सरकारी अभियोक्त्यांच्या कामगिरीचा वर्षातून किमान दोनदा, जानेवारी आणि जुलै महिन्यात, आढावा घेऊन राज्य सरकारला अहवाल पाठवायचा असतो. जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीची बैठक दर तीन महिन्यांनी व्हायची असते. या अहवालांच्या आणि बैठकांच्या इतिवृत्तांच्या प्रती मागणारा अर्ज फेब्रुवारी किंवा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात टाकावा. आढावा झाला असेल तर कागद ताजा मिळतो. झाला नसेल तर तसे लेखी उत्तर येते, आणि ते समितीच्या पुढच्या बैठकीत सदस्यांपुढे ठेवता येते.